एक्केचाळीस दिवसांचा पाऊस

सकाळी बरोबर साडेआठला गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारू नये, हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. हाक मारली तर तो ओ देत नसे, आणि आपण ओ का दिली नाही हे नंतर दिवसभर समजावून सांगत असे. त्यापेक्षा हाक न मारलेली बरी.

त्या माणसाला सगळे मिलिमीटरकाका म्हणत. काका जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. कचेरीत असतानाच, सव्वीस वर्षांपूर्वी, त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात एक पर्जन्यमापक बसवला होता. पर्जन्यमापक म्हणजे काय, तर एक डबा, त्यावर नरसाळं, आत बाटली. बाटलीतलं पाणी मापनळीत ओतायचं, नळी डोळ्यांसमोर धरायची, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. सांगायला एवढंच. पण काका ती नळी डोळ्यांसमोर धरत तेव्हा समोरची इमारत, टाक्या, तारा, तारांवरचे पक्षी असं सगळं शहर त्या बोटभर पाण्यात उलटं होऊन तरंगायचं, आणि काकांना दोन-तीन मिनिटं आपण कुठे आहोत याचं भान राहत नसे. मग खाली स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई.

"किती?"

"बारा पॉइंट चार," काका जिन्यातूनच सांगत. काकू "बरं" म्हणत आणि चहा गाळत. सव्वीस वर्षांत ना प्रश्न बदलला, ना चहा.

मापकाबरोबर एक छोटी पुस्तिका आली होती. तिच्यातला पहिला नियम काकांनी मनावर कोरून घेतला होता : निरीक्षकाने आकडा लिहावा, मत लिहू नये. हा नियम काका संसारातही पाळत. काकूंनी "चहा कसा झालाय?" असं विचारलं तर काका म्हणत, "साखर सव्वा चमचा." आता अशा माणसाबरोबर नांदायचं म्हणजे काय, हे काकूंनाच विचारावं. पण त्यांना कोणी विचारलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तर एके दिवशी काकांची पुतणी आली. ती हवामान-संशोधनाच्या एका संस्थेत कामाला लागली होती. येताना लॅपटॉप घेऊन आली आणि चहा व्हायच्या आत तिनं काकांची झोप उडवणारी एक गोष्ट सांगितली.

"काका, आमच्याकडे जगातल्या प्रत्येक दिवसाचा पाऊस आहे. गेल्या कित्येक वर्षांचा. प्रत्येक तासाचा."

"कोणी मोजला?"

"मोजला नाही. काढला. जहाजांच्या, फुग्यांच्या, उपग्रहांच्या जुन्या नोंदी घेऊन कॉम्प्युटर त्या दिवसाची हवा पुन्हा रचतो आणि तशा हवेत किती पाऊस पडला असता ते सांगतो. सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडलेत, तीस किलोमीटर बाय तीस. आपलं घरही एका चौकोनात आहे."

काका खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणजे इतकी वर्षं आपल्या गच्चीवर दोन पाऊस पडत होते. एक आपल्या डब्यात, आणि दुसरा कुठल्यातरी थंडगार खोलीत, कॉम्प्युटरच्या पोटात, कोणालाही न भिजवता. त्या दुसऱ्या पावसात आपली गच्ची असेल का? गच्चीवर आपण असू का? काकांना वाटलं, असू. छत्रीशिवाय असू.

"अहो, पोरगी काहीतरी विचारतेय," काकू म्हणाल्या.

पोरगी त्यांच्या वह्या मागत होती. कॉम्प्युटरचा पाऊस खऱ्या पावसाशी ताडून बघायचा, तर मुळात खरा पाऊस हवा. आणि रोजच्या रोज, एकही दिवस न चुकता, सव्वीस वर्षं मोजलेला खरा पाऊस फार थोड्या लोकांकडे असतो. "तुमच्या वह्या पास झाल्या ना काका, तर आमच्या यादीत तुमचं केंद्र कायमचं जाईल. पुढची शंभर वर्षं लोक वापरतील."

काका उठले आणि कपाटातून सव्वीस वह्या काढून, धूळ पुसून, तिच्यासमोर रचल्या. शंभर वर्षं! कचेरीत त्यांनी मोजलेल्या जमिनींवर आता कोणाकोणाची घरं होती, आणि त्यातल्या एकालाही काकांचं नाव ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी पुतणीचा फोन आला तो पडेल आवाजात. वह्या आणि कॉम्प्युटर यांचं काहीच जमत नव्हतं. काकांकडे धो धो, तर तिकडे ठणठणाट. तिकडे मुसळधार, तर इकडे भोपळा.

काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ही बातमी इमारतीत पसरायला एक दुपार पुरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा." पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं मत पडलं की डबा थोडा तिरका असणार, त्यांनी टेप घेऊन वर येण्याची तयारी दाखवली. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर जखमेवर मीठच चोळलं. म्हणाले, "काका, सव्वीस वर्षं एकच चूक सातत्यानं करणं हेही कौतुकाचंच आहे की!" काकांनी त्या दिवसापासून डॉक्टरांशी बोलणं सोडलं.

उलगडा झाला तो काकूंमुळे. पुतणी डोक्याला हात लावून घरी येऊन बसली होती, तेव्हा काकू सहज म्हणाल्या, "अगं, तुझे काका आज सकाळी मोजतात तो काल पडलेला पाऊस असतो. आणि लिहितात आजच्या तारखेला. सगळी दुनिया कालचं काल विसरते, यांचा काल आज सकाळी साडेआठला संपतो."

पुतणीनं लॅपटॉप उघडला. सगळा पाऊस एक दिवस मागे सरकवला. आणि बघता बघता आलेखातल्या दोन्ही रेघा हातात हात घालून चालायला लागल्या. कॉम्प्युटरच्या पावसाला एक खोड होती; तो ऊठसूट थोडं थोडं शिंपडत बसायचा, आणि खरा धुवाधार पाऊस आला की कच खायचा. काकांकडे एका दिवशी एकशे सत्त्याऐंशी मिलिमीटर होते, तिकडे जेमतेम त्रेचाळीस. "त्या दिवशी मी गुडघाभर पाण्यातून कचेरीत गेलो होतो!" काका ओरडले. "त्रेचाळीस म्हणे!"

मग ती संध्याकाळ कशी गेली ते कळलंच नाही. तिघंही लॅपटॉपभोवती बसून जुने दिवस काढत होती. पुतणीचा जन्म झाला तो दिवस : सहा मिलिमीटर. काकांना नोकरी लागली तो दिवस : शिंपडल्यासारखा. काकूंनी एकच दिवस विचारला, लग्नाचा.

"शून्य," पुतणी म्हणाली.

"शक्यच नाही," काका म्हणाले. "माझा सदरा चिंब झाला होता."

"तो घाम होता," काकू म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की शेवटी काकाही हसले.

पण सुख असं पदरात पडून राहायला तयार नसतं. चार दिवसांनी पुतणी तिच्या साहेबांचं पत्र घेऊन आली. केंद्र उत्तम आहे, परंतु एक्केचाळीस दिवसांचा खुलासा व्हावा. त्या एक्केचाळीस दिवशी काकांच्या वहीत पाऊस होता आणि आसपासच्या शंभर किलोमीटरमध्ये एकही ढग नव्हता. ऊठसूट शिंपडणाऱ्या कॉम्प्युटरनंसुद्धा त्या दिवशी साफ हात झटकले होते.

"छोटी सर असेल," काका म्हणाले. "एवढ्या मोठ्या चौकोनात आमच्या गच्चीपुरती सर कशी दिसणार?"

"एखाद्‌वेळी असेल. पण काका, हे सगळे दिवस बघा. तीन पॉइंट नऊ, चार, चार, चार पॉइंट एक, चार. आकाश इतकं मोजून मापून कधी पडतं का?" पुतणीचा आवाज खाली आला. "साहेब म्हणतात, कोणीतरी पाणी ओततंय. सोमवारपर्यंत खुलासा नाही मिळाला तर सगळ्याच वह्यांवर विश्वास ठेवता येणार नाही. सव्वीसही बाद."

काकांनी ते दिवस वहीत उघडून बघितले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनीच लिहिलं होतं : सर हलकी. आवाज आला नाही. दुसरीकडे : सर हलकी, केव्हा आली कळलं नाही. ते वाचताना आत कुठेतरी काहीतरी हललं, पण काकांनी वही मिटली. निरीक्षकाने मत लिहू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी जिन्याखाली सूचना लावली : "पर्जन्यमापकात पाणी ओतणाऱ्या इसमाने स्वतःहून पुढे यावे." दुपारपर्यंत कोणीतरी तिच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, "इसमाचे नाव : पाऊस." काकांनी अक्षर ओळखायचा प्रयत्न केला. डॉक्टरांचं वाटलं, कारण ते धड वाचता येत नव्हतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी सूचना गंभीरपणे घेतली. हा माणूस कुठलीही गोष्ट गंभीरपणे घ्यायचा. त्यानं एकदा दिवा का लागत नाही याची चौकशी समिती नेमली होती आणि समितीची बैठक तीन महिने अंधारात भरत होती. त्यानं गच्चीला कुलूप ठोकलं, दाराशी एक रजिस्टर टांगलं आणि छापील अर्ज काढला.

"वर जाण्याचं कारण?" त्यानं काकांना विचारलं. घड्याळात आठ वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

"पाऊस मोजायचाय."

"आज पाऊस नाहीये."

"अहो, शून्यसुद्धा वर जाऊनच मोजावं लागतं!"

"हे अर्जात बसत नाही." सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "आणि माफ करा, पण रोज एक इसम गच्चीवर जातो अशी लेखी तक्रार आलेली आहे."

"ती मीच केलीय!"

"आणि रोज जाणारा इसम?"

काकांनी अर्ज ओढून घेतला आणि भरला. आठ एकोणतीसला किल्ली मिळाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते जिना धावत चढले, आणि वर पोचून शून्य लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मोजायची काही सोय नव्हती.

अपमान एकटा येत नाही, म्हणून त्याच दिवशी काकांची दाढ ठणकायला लागली. दोन दिवस लवंग धरून काढले. शनिवारी गाल फुगला आणि जगात दातांचे डॉक्टर एकच उरले, समोरच्या दारातले. काकूंनी काकांना हाताला धरून त्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"तोंड उघडा. मोठं. हां," डॉक्टर म्हणाले आणि आत आरसा घालून निवांत बसले. "आता सांगा, मी तुमच्या डब्यात पाणी ओततो?"

"आऽऽ," काका म्हणाले.

"माझ्यावर संशय आहे असं जिन्यात सगळ्यांना सांगितलंत."

"आ-आऽ."

"हा खोटा पाऊस किती वर्षांचा आहे? सव्वीस? काका, मी इथे राहायला येऊन नऊ वर्षं झाली. त्याआधी मी शाळेत होतो, कॉलेजात होतो. तेव्हा कोण ओतत होतं?"

काकांनी डोळे मिटून घेतले. वादात उत्तर देता येत नाही यापेक्षा वाईट एकच गोष्ट असते, ती म्हणजे उत्तर नसणं. डॉक्टरांनी मात्र गाल बधिर करून दाढ फार हळुवार हातानं साफ केली, आणि शेवटी चूळ भरायला एक छोटा प्लास्टिकचा पेला पुढे केला. पेल्यावर रेघा होत्या. काकांची नजर सवयीनं त्या रेघांवर गेली. ऐंशी मिलिलिटर.

त्यांच्या मापकात एक मिलिमीटर म्हणजे वीस मिलिलिटर. चार मिलिमीटर म्हणजे ऐंशी. म्हणजे कोणीतरी दर वेळी एकाच भांड्यानं ओतत होतं.

काका चूळ न भरताच उठले. डॉक्टर "अहो, अहो" करत राहिले. वर जाऊन गच्चीच्या दाराशी टांगलेलं रजिस्टर त्यांनी उघडलं. ते टांगल्यापासून गच्चीवर दोनच माणसं गेली होती. एक आठ पंचवीसला, कारण : पाऊस. दुसरी आठ दहाला, कारण : कपडे. दुसरीची सही काका चांगलीच ओळखत होते. ती त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावरही होती.

काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी मापनळी घेतली आणि स्वयंपाकघरातली भांडी एकेक करून मोजायला सुरुवात केली. कप : एकशे चाळीस. मोठी वाटी : एकशे साठ. फुलपात्र : दोनशे दहा. ओट्यावर, खाली, खुर्चीवर, सगळीकडे पाण्यानं भरलेली भांडी झाली आणि प्रत्येकात खिडकीतलं आभाळ एकेक तुकडा होऊन पडलं. काका त्या भांड्यांच्या मधोमध फतकल मारून बसले. शेवटी फळीच्या मागून ती निघाली : कडेला पोचा आलेली, छोटी, जुनी वाटी. काठोकाठ भरून त्यांनी ती नळीत ओतली. ऐंशी.

दारात पिशव्या ठेवल्याचा आवाज झाला. काकूंनी ओट्याकडे बघितलं, मग काकांच्या हातातल्या वाटीकडे.

"ही वाटी ऐंशी मिलिलिटरची आहे," काका म्हणाले. अर्धा गाल बधिर असल्यानं शब्द घरंगळत होते.

"असेल."

"मापकात चार मिलिमीटर होतात."

"होत असतील."

"तू..."

"हो. मी." काकू तिथेच पाटावर बसल्या. "ऐन पावसाळ्यात पाऊस दडी मारायचा. तुम्ही रोज वर जायचात, शून्य घेऊन खाली यायचात. पाचव्या दिवसापासून पेपर वाचायचं सोडायचात. सातव्या दिवशी गुणगुणणं बंद. आठव्या दिवशी माझ्याशी बोलणं बंद. घरात नुसता आवाज म्हणजे घड्याळाचा. मी काय करायचं होतं? कपडे वाळत घालायला जायचेच. नेली एक वाटी."

"सव्वीस वर्षं!"

"सव्वीस वर्षांत एक्केचाळीसदा. वर्षाला दोन वाट्यासुद्धा नाहीत झाल्या."

"अगं, शास्त्राशी खेळलीस तू!"

"शास्त्र तुमचं, नवरा माझा," काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि तुम्हांला कळलं नाही हे मला कधी खरं वाटलंच नाही. गच्ची कोरडी ठणठणीत असायची. माझ्या चपलांचे ओले ठसे डब्यापर्यंत गेलेले असायचे. तुम्हांला दिसत नव्हते?"

"मी मापक वाचायला जात होतो," काका म्हणाले. "गच्ची वाचायला नव्हतो जात."

पण म्हणता म्हणता त्यांना त्या एक्केचाळीस सकाळींची गच्ची दिसायला लागली. कोरडी, पांढरी, उन्हात लखलखणारी. आणि नळी डोळ्यांसमोर धरून, तिच्यापलीकडचं काहीही न बघण्याची काळजी घेणारा एक माणूस. आवाज आला नाही, असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्याला ठाऊक होतं. त्याला तो पाऊस हवा होता. काकांना एकदम इतकं भरून आलं की बधिर गालावरून काहीतरी ओघळलं, ते त्यांना कळलंही नाही. काकूंनी पदरानं पुसलं.

"पोरीला खरं सांगून टाका," त्या म्हणाल्या. "वह्या वाचतील तुमच्या. माझं नाव खराब झालं तर होऊ दे."

रविवारी काकांनी एक्केचाळीस पानं उघडली. निरीक्षक कधी खोडत नाही. तो एक सरळ रेघ मारतो आणि बाजूला सही करतो. एक्केचाळीस रेघा, एक्केचाळीस सह्या. मग पुतणीनं पाठवलेला खुलाशाचा फॉर्म लॅपटॉपवर उघडला. त्यात कारण निवडायचं होतं : उपकरणातला बिघाड, गळती, पक्षी किंवा प्राणी, खोडसाळपणा, इतर.

"चौथं निवडा काका," पुतणी फोनवर म्हणाली. "साहेब लगेच मान्य करतात."

"खोडसाळपणा?" काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझ्या काकूला खोडसाळ म्हणू? या फॉर्मवर? जो शंभर वर्षं राहणार?"

"मग बाद होतील हो वह्या!"

"होऊ देत," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर स्वतःच दचकले. तरी त्यांनी "इतर" निवडलं. खाली पंधरा शब्दांपुरती जागा होती. काका तास दीड तास त्या जागेकडे बघत बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी मत असं लिहिलंच नव्हतं, हात वळेना. शेवटी एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं : पावसाने दडी मारली की निरीक्षक घरात बोलत नसे. त्याच्या बायकोने एक्केचाळीस वेळा उपाय केला.

सोमवारी दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी वाजला.

"काका, साहेबांनी दोनदा वाचलं," पुतणी म्हणाली. "मग उठून बाहेर गेले आणि त्यांच्या घरी फोन लावला. अर्ध्या तासानं परत आले आणि सही केली. वह्या पास!"

काकांनी जिन्यातली सूचना स्वतः काढली, डॉक्टरांच्या दारात जाऊन माफी मागितली आणि राहिलेली चूळ भरून आले. सेक्रेटरींनी कुलूप काढलं, रजिस्टर मात्र ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस पुन्हा दडून बसला. एक दिवस, चार दिवस, सात दिवस. काका पेपर वाचत राहिले, ठरवून. आठव्या दिवशी त्यांनी गुणगुणायचाही प्रयत्न केला, पण सूर घशातच राहिला. नवव्या सकाळी साडेआठला ते वर गेले, तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. काकांनी पहिल्यांदा गच्ची बघितली. कोरडी ठणठणीत. दारापासून डब्यापर्यंत ओल्या चपलांचे ठसे गेले होते, आणि उन्हात कडेकडेनं वाळत होते. ते पुसून जाईपर्यंत काका उभे राहिले. मग त्यांनी बाटली काढली, नळीत पाणी ओतलं आणि डोळ्यांसमोर धरलं. शहर उलटं होऊन शांतपणे तरंगायला लागलं.

वहीत त्यांनी लिहिलं : शून्य. शेऱ्यात लिहिलं : गच्ची कोरडी. वही मिटली आणि पायऱ्या उतरायला लागले.

"किती?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"चार," काका म्हणाले.

चहा गाळता गाळता काकूंचा हात थांबल्यासारखा वाटला. "आणि पोरीच्या त्या कॉम्प्युटरवर?"

"तिथे शून्यच असणार," काका म्हणाले आणि पाटावर टेकले. "त्याचे चौकोन फार मोठे आहेत."

"बरं," काकू म्हणाल्या आणि कप त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी एक घोट घेतला.

"चांगला झालाय," ते म्हणाले.